जुन्या निधनवार्ता रद्दीत जाऊ देऊ नका

प्रति,
नागपुरातील मराठी दैनिकांचे संपादक व व्यवस्थापक,
तसेच जुन्या अंकांच्या फायली सांभाळणाऱ्या ग्रंथालयांचे विश्वस्त आणि ग्रंथपाल

सप्रेम नमस्कार.

कार्यालय दुसरीकडे हलवायचे ठरले किंवा वाचनालयात नव्या कपाटासाठी जागा हवी झाली, की सर्वांत आधी गंडांतर येते ते जुन्या अंकांच्या बांधीव फायलींवर. जिल्ह्यातल्या एका वाचनालयात मी अशाच फायली पाहायला गेले, तेव्हा त्या रद्दीवाल्याकडे जाऊन वर्ष उलटले होते. "मॅडम, ते कोणी वाचतच नव्हतं," असे उत्तर मिळाले. म्हणून हे पत्र लिहिते आहे. वाचणारे आहेत. ते कुहीत आहेत, भिवापुरात आहेत, काटोल-नरखेडला आहेत. त्यांना त्या फायलींतले अग्रलेख नको आहेत. आतल्या पानांवर तळाशी, बाजारभावाच्या शेजारी छापलेल्या निधनवार्ता हव्या आहेत.

मी माध्यमिक शाळेत इतिहास शिकवत असे. निवृत्तीनंतर उमरेड, कुही, भिवापूर या पट्ट्यातल्या कुटुंबांना वंशावळी जुळवून देते. सुरुवात स्वतःच्या घरापासून झाली, मग ओळखीपाळखीतून लोक येत गेले: शेतकरी, एसटीतले निवृत्त वाहक, पुण्या-बंगळुरूला नोकरी करणारी त्यांची मुले. येणाऱ्याच्या पिशवीत बहुधा तेच दोन-तीन कागद असतात. आजोबांच्या शाळेचा दाखल-खारीजचा उतारा, एखादा फेरफार, नशीब असेल तर कोतवाल बुकाची, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदवहीची, नक्कल. आणि प्रश्नही बहुधा तोच असतो. भिवापूरकडच्या एका काकांनी तो असा विचारला होता, "माह्या बापाच्या बहिणी कोणत्या गावाले देल्या होत्या, हे सांगाले आता कोणीच उरलं नाही. कुठी सापडन का?"

सरकारी दप्तरात ते सहसा सापडत नाही. आपल्याकडची दप्तरे वाईट आहेत असे मुळीच नाही. मध्य प्रांताच्या काळापासून गावचा कोतवाल जन्म-मृत्यूची वर्दी देत आला. जमिनीच्या हक्कांची १९५४-५५ ची अधिकार अभिलेख पंजी आहे. १९६९ चा जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा आल्यावर दाखलाही मिळू लागला. पण या सगळ्या कागदांवर माणूस एकटा असतो. कोतवाल बुकाच्या ओळीत मयताचे नाव असते, बापाचे किंवा नवऱ्याचे नाव असते, जात, तारीख, मृत्यूचे कारण असते, आणि तिथे ओळ संपते. तलाठ्याकडच्या वारसनोंदीत मुलगे सापडतात. मुलींची नावे कधी लागलीच नाहीत, तर कधी लागून पुढे हक्कसोडपत्राने निघाली. ज्याच्याकडे शेतीच नव्हती, त्याचा तर त्या दप्तराशी संबंधच आला नाही. काही समाजांचे भाट वह्या घेऊन अजून येतात. त्र्यंबकेश्वरच्या, गयेच्या, प्रयागच्या तीर्थोपाध्यायांकडे नामावळ्या आहेत. पण त्यातही धागा चालतो तो बाप-लेकाचाच. लेकीबाळी लग्न होऊन ज्या गावी गेल्या, तिथल्या वहीत त्या कुणाची तरी बायको म्हणून उरतात.

आता आपल्याच अंकांत वर्षानुवर्षे छापून आलेला हा मजकूर पाहा. नावे मी गाळली आहेत:

"कुही, ता. ९ (वार्ताहर) : येथील जुन्या पिढीतील शेतकरी श्री. … यांचे नुकतेच वृद्धापकाळाने निधन झाले. मृत्युसमयी ते ८२ वर्षांचे होते. त्यांच्या मागे पत्नी, दोन मुले, तीन मुली, सुना, जावई, नातवंडे असा मोठा आप्तपरिवार आहे. वेलतूर येथील श्री. … हे त्यांचे जावई होत."

उपसंपादकाने सवयीने लावलेली ही चार-पाच वाक्ये. पण शेवटच्या वाक्यात कुटुंबाचा जो धागा दप्तरात तुटला होता तो जुळलेला असतो. मुलगी कोणत्या गावी दिली हे त्यातून कळते. तिचे स्वतःचे नाव नसले तरी जावयाचे आडनाव आणि गाव हाती लागते, आणि तेवढ्यावर पुढच्या गावचे कोतवाल बुक, पुढच्या शाळेचे रजिस्टर उघडता येते. पैसे देऊन छापलेली चौकट असेल तर आणखी बरे. तिच्यात तेरवीचा दिवस असतो, "मु., पो., ता., जि." असा पूर्ण पत्ता असतो, आणि खाली शोकाकुल मंडळींची यादी असते. खैरी, वडेगाव, पिंपळगाव अशा एकाच नावाची कितीतरी गावे आपल्या भागात आहेत. त्यातले नेमके कोणते, हे त्या "पो."वरून ठरते. वर्षभराने येणाऱ्या पुण्यस्मरणाच्या जाहिरातीत मृत्यूची तारीख स्पष्ट असते. बातमीत "नुकतेच" एवढेच असते आणि "ता." ही वार्ताहराने मजकूर पाठवल्याची तारीख असते, त्यामुळे मी बातमी सापडली तरी पुढच्या वर्षीची फाईल चाळल्याशिवाय तारीख पक्की धरत नाही.

माझ्या आजीचे माहेर वैनगंगेच्या काठचे. गोसीखुर्द धरणाची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ रोजी झाली. पुढे ते गाव बुडीत क्षेत्रात गेले आणि माणसे वेगवेगळ्या पुनर्वसन वसाहतींत पांगली. आजी त्याआधीच वारली होती. तिला बहिणी होत्या, एवढे घरात सगळ्यांना ठाऊक होते. कुठे होत्या हे कोणालाच ठाऊक नव्हते. मला १९७० च्या दशकातल्या एका फायलीत पणजोबांची निधनवार्ता सापडली. एका बोटाच्या उंचीची, उभी रेघ अर्धी उडालेली, कडेला बांधणीचा दोरा अगदी मजकुरात शिरलेला. त्यात तीन जावयांची नावे होती. एक माझे आजोबा, म्हणून खात्री पटली की हेच ते घर. उरलेले दोघे मांढळचे आणि पवनीचे. मांढळचे घर अजून तिथेच आहे. तिथल्या आत्याबाईंनी मला आजीच्या सगळ्या भावंडांची नावे जन्माच्या क्रमाने सांगितली, आणि त्यातल्या दोघी लहानपणीच गेल्या हेही सांगितले. गाव पाण्याखाली गेले, पण त्या घराचा गोतावळा छापील कागदामुळे हाती लागला.

ही फाईल नागपुरात नव्हती. ती तालुक्याच्या वाचनालयात होती, आणि माझ्या दृष्टीने या पत्रातला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा हाच आहे.

आपल्या कार्यालयांत जपली जाते ती बहुधा शहर आवृत्ती. खेड्यातली निधनवार्ता छापली जाते बाहेरगावी जाणाऱ्या डाक आवृत्तीत, आणि अलीकडच्या काळात जिल्ह्याच्या किंवा ग्रामीण पानावर. त्याच तारखेच्या शहर आवृत्तीत त्या जागी नागपुरातल्या कार्यक्रमांची किंवा सिनेमागृहांची माहिती असते. म्हणजे "नागपूरच्या कार्यालयात फाईल आहेच, मग आम्ही कशाला ठेवायची?" हा तालुक्याच्या वाचनालयाचा विचार चुकतो, आणि "जुने अंक आम्ही स्कॅन केले आहेत" हे दैनिकाचे समाधानही अपुरे ठरते. उमरेडला एसटीने येणारा अंक आणि सीताबर्डीवर विकला जाणारा अंक यांचे नाव एक, तारीख एक, आतली पाने मात्र निराळी. ज्या प्रती आपण दुबार म्हणून टाकतो, त्याच बहुतेक वेळा एकमेव उरलेल्या असतात. आज ई-पेपर साठवतानाही कृपया सर्व आवृत्त्या साठवा. मौदा, पारशिवनी, नरखेडची पाने काही महिन्यांनी संकेतस्थळावरून निघून गेली, तर पुढच्या पिढीसमोर पुन्हा हीच अडचण उभी राहील.

नागपूरची वृत्तपत्रांची परंपरा मोठी आहे. 'हितवाद' १९११ चा, गोपाळराव ओगल्यांचा 'महाराष्ट्र' १९१४ चा. १९४४ पासून 'तरुण भारत' माडखोलकरांच्या संपादनाखाली निघू लागला. बापूजी अण्यांनी १९१८ साली यवतमाळला काढलेल्या 'लोकमत'चे नाव घेऊन १९७१ मध्ये नागपुरात दैनिक आले. या सगळ्यांचे राजकीय लेखन अभ्यासकांनी वापरले आहे, पुढेही वापरतील. निधनवार्तांना मात्र अजून कोणी वाली नाही, आणि खेड्यातल्या माणसाचे नाव आयुष्यात एकदाच छापून आले असेल तर ते बहुधा तिथेच आले आहे.

अर्थात प्रत्येकाचे आले नाही. जुन्या अंकांत खेड्यातले म्हणून दिसतात ते मालगुजार (गावचा सारा भरणारे जमीनदार), वकील, शिक्षक. मालगुजारी १९५१ साली संपली, तरी "माजी मालगुजार" ही ओळख निधनवार्तांत नंतरही येत राहिली. गावोगावी वार्ताहर नेमले जाऊ लागले तसा हा रकाना हळूहळू खाली झिरपला. शेतमजूर, आदिवासी कुटुंबे फार उशिरा आली, काही आलीच नाहीत. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत मध्य प्रांत देशातल्या सर्वाधिक होरपळलेल्या प्रांतांपैकी एक होता, पण त्या वर्षी गेलेली खेड्यातली माणसे वृत्तपत्रात शोधण्यात अर्थ नाही. तिथे कोतवाल बुकच गाठावे लागते. स्त्रिया "यांच्या मातोश्री" किंवा "यांच्या पत्नी" म्हणून येतात आणि कधीकधी त्यांचे नावही छापलेले नसते. १४ ऑक्टोबर १९५६ च्या दीक्षेनंतर बौद्ध कुटुंबांच्या जाहिरातींत तेरवीच्या जागी जलदान विधी, पुण्यानुमोदन हे कार्यक्रम दिसू लागतात. त्या घरांचा धागा शोधताना हा बदल ठाऊक असावा लागतो, नाहीतर एकाच कुटुंबाच्या दोन पिढ्या दोन वेगळी घराणी वाटतात. शिवाय त्यातल्या अनेक घरांनी आपल्या जाहिराती छोट्या साप्ताहिकांत दिल्या. काटोल, रामटेक, उमरेडची अशी साप्ताहिके जिथे कुठे असतील, तिथून ती या कामात आणली पाहिजेत.

छापलेले वय तर मी कधीच जसेच्या तसे घेत नाही. म्हाताऱ्या माणसाचे वय घरचे सांगतील ते, आणि घरचे आदराने दोन-चार वर्षे वाढवतातच. शाळेचा दाखला आणि निधनवार्ता यांत दहा वर्षांचे अंतर पडले म्हणून माणूस दुसरा ठरत नाही.

काही दिवस असे आहेत की ज्यांचे अंक वेगळे जपायला हवेत. ३० जुलै १९९१ ला वर्धा नदीच्या पुराने नरखेड तालुक्यातले मोवाड उद्ध्वस्त केले. २३ नोव्हेंबर १९९४ ला नागपुरात, विधानभवनाजवळ, मोर्चात आलेले ११४ गोवारी बांधव चेंगराचेंगरीत गेले. त्यांत स्त्रिया आणि लहान मुले पुष्कळ होती, आणि ती माणसे विदर्भातल्या कुठल्या कुठल्या खेड्यांतून आली होती. त्या आठवड्यांचे सगळ्या दैनिकांचे, सगळ्या आवृत्त्यांचे अंक मिळून एका जागी पाहता आले पाहिजेत. त्या घरांतली मुले आज मोठी झाली आहेत, आणि आपल्या माणसाविषयी काय छापून आले हे वाचण्याचा त्यांना अधिकार आहे.

आता करायचे काय, ते सांगते.

पहिली गोष्ट जवळजवळ फुकट होणारी आहे. कोणाकडे कोणत्या वर्षाच्या, कोणत्या आवृत्तीच्या फायली आहेत याची एक यादी करा. दैनिके, तालुक्यांची वाचनालये, विदर्भ साहित्य संघ, विदर्भ संशोधन मंडळ, विद्यापीठाचे ग्रंथालय, या सगळ्यांची मिळून एकच. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ चा आहे. त्याखाली अनुदान घेणारी वाचनालये दरवर्षी कागदपत्रे भरतातच, त्यात हा एक रकाना वाढवायला फार कष्ट नाहीत. यादी झाली की निदान रद्दीत देण्यापूर्वी विचारायचे कोणाला, हे तरी ठरेल.

कायद्याने वृत्तपत्रांच्या प्रती मोठ्या ग्रंथालयांत जातात हे मला माहीत आहे. ग्रंथालयांना पुस्तकांच्या प्रती पोचवण्याच्या १९५४ च्या कायद्यात १९५६ साली वृत्तपत्रांचा समावेश झाला. त्या प्रती कोलकाता, मुंबई, चेन्नई आणि दिल्ली इथे पाठवायच्या असतात. पण आजीचे माहेर शोधायला भिवापूरच्या शेतकऱ्याने कोलकात्याला जायचे काय?

दुसरी गोष्ट फायलींच्या प्रकृतीची. वृत्तपत्राचा कागद लाकडाच्या लगद्याचा. त्यातले लिग्निन उजेडात पिवळे पडते, आत तयार होणारे आम्ल कागदाचे तंतू तोडत राहते, आणि नागपूरचा उन्हाळा त्या कामाला वेग देतो. वर पावसाळ्यातली ओल. १९५० च्या दशकातली फाईल उघडली की कडांचे तुकडे टेबलावर पडतात, आणि निधनवार्ता नेमक्या कडेला, तळाशीच असतात. म्हणून अशा फायली सपाट स्कॅनरवर दाबू नका. पान वर ठेवून, वरून कॅमेऱ्याने टिपणारी यंत्रे मिळतात, ती वापरा. फाईल सपाट व्हावी म्हणून कणा कापू नका, फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर करूच नका. खर्चाची अडचण असेल तर आधी १९७० पूर्वीची पाने घ्या, बाकीच्यांना थोडा अवधी आहे.

तिसरी गोष्ट सूचीची. जुन्या खिळ्यांच्या छपाईतली जोडाक्षरे, झिजलेल्या मात्रा, तुटलेल्या शिरोरेघा संगणकाला अजून धड वाचता येत नाहीत, त्यातून आडनावे तर नाहीतच. तिथे माणूसच बसवावा लागतो. सूचीत तारीख, आवृत्ती, पान, मयताचे नाव, गाव, तालुका हवेच. पण नातेवाइकांची गावेही हवीत, कारण शोध तिथूनच पुढे जातो. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठातल्या इतिहास, जनसंवाद आणि ग्रंथालयशास्त्र विभागांच्या विद्यार्थ्यांना हे काम प्रकल्प म्हणून देता येईल. आपापल्या तालुक्याची पाने वाचायला दिली तर मुले जास्त मन लावून करतील, हा माझा शिक्षकी अनुभव आहे.

स्वामित्वहक्काची काळजी काही व्यवस्थापकांनी बोलून दाखवली. निनावी छापलेल्या मजकुराचा हक्क प्रसिद्धीनंतर साठ वर्षांनी संपतो, आणि वार्ताहराच्या निधनवार्तेला नाव कुठे असते? तेव्हा जुन्यांचा प्रश्न नाही. अलीकडच्या अंकांत मात्र हयात माणसांची नावे, पत्ते, दूरध्वनी असतात. ते सर्वांसाठी खुले करावे असे मी म्हणणार नाही. गेल्या तीसेक वर्षांची सूची ठेवा, आणि पान पाहायला येणाऱ्याची ओळख नोंदवून मगच दाखवा.

हे खुले आणि विनामूल्य असावे असा माझा आग्रह आहे, त्याचे कारण आपल्याला ठाऊक असेल. जात पडताळणीसाठी जुने पुरावे लागतात. इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचे. त्यापायी गावागावांत वंशावळ जुळवून देणारे दलाल उभे राहिले आहेत आणि गरीब माणसाकडून वाटेल ते पैसे घेतात. निधनवार्ता हा जातीचा पुरावा नव्हे, आणि तसा कोणी विकू पाहील तर त्याला रोखलेच पाहिजे. पण पणजोबा कोणत्या गावचे होते आणि कोणत्या गावचे दप्तर मागायचे, हे ती सांगते. तेवढे माणसाला स्वतः वाचनालयात बसून शोधता आले, तर दलालाच्या दाराशी जायची पाळी येणार नाही.

आमच्याकडून काय होईल, तेही सांगते. देवनागरी टंकलेखन येणारे निवृत्त शिक्षक-शिक्षिका आम्ही गोळा केले आहेत. आठवड्यातून एक दिवस, आपण द्याल त्या खोलीत, आपल्या माणसासमोर बसून आम्ही सूची करू. फाईल बाहेर नेणार नाही. मानधन नको, एक मोठे टेबल, पुरेसा उजेड आणि पंखा बंद ठेवायची मुभा हवी, कारण वाऱ्याने कडा तुटतात. हे काम उन्हाळ्याआधी सुरू व्हावे. आपल्याकडे कोणत्या वर्षापासूनच्या, कोणत्या आवृत्तीच्या फायली आहेत आणि कोणत्या वारी येऊ, एवढे कळवावे. ज्यांनी फायली काढून टाकायच्या असे आधीच ठरवले आहे, त्यांनी रद्दीवाल्याला बोलावण्यापूर्वी आम्हाला निरोप द्यावा. त्याच्या भावाने पैसे देऊन आम्ही त्या घेऊन जाऊ.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
महाल, नागपूर